उष्ट्या शिंपल्या

मंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंड पश्चिमेच्या एका कापडाच्या दुकानात उभी होते. समोर निळ्या कापडाचे ताके उलगडून पडले होते आणि दुकानदार पट्टी हातात धरून विचारत होता, "काकी, यातला कुठला?" फोनवर रमेशभाऊ होते, मंदाचे यजमान. मुळात कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, "शीलाताई, मंदा गेली... या तुम्ही." एवढंच. मी 'हो' म्हटलं आणि फोन पर्समध्ये ठेवला. दुकानदार अजून माझ्या तोंडाकडे बघत होता. मंदाने मला बजावून पाठवलं होतं, "आकाशी आणू नकोस, मोरपंखी तर मुळीच नको. सकाळी भरती लागताना पाणी दिसतं ना, तो निळा आण." मी जालन्याकडची. भरतीच्या पाण्याचा रंग मी कुठून ओळखणार? एका ताक्यावर बोट ठेवून मी म्हटलं, "हा काप." कापड घेतल्यावाचून तशीच धावत गेले असते तर तिने मला मेल्यावरही ऐकवलं असतं. ते कापड काखेत मारून मी तिच्या घरी पोचले, आणि ते कुठे ठेवावं हे मला सुचेना. शेवटी तिच्याच पायांशी ठेवलं.

आता काही आठवडे लोटले. जवळचं माणूस गेलं की त्याच्याविषयी गोड गोड लिहायची रीत आहे, पण मंदा काही गोड बाई नव्हती. फटकळ होती, हट्टी होती, आणि माझी होती. आमची ओळख घाटकोपरच्या ऑफिसातली. दोघी नव्याने नोकरीला लागलेल्या, टेबलाला टेबल लागून. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला, आणि आत मसाल्यात घोळलेले काळपट, टणक असे काहीतरी. मी म्हटलं, "अगं, हे दगड का शिजवलेत?" ती एवढ्याने हसली की साहेब केबिनमधून बाहेर आले. त्या तिसऱ्या होत्या, खाडीतल्या खायच्या शिंपल्या. शिंपली उघडून आतला इवलासा गोळा कसा चोखून घ्यायचा हे तिने मला शिकवलं, आणि शिकवता शिकवता माझ्या डब्यातली ज्वारीची भाकरी न विचारता तोडून घेतली. त्या एका घासाची किंमत तिला ठाऊक नव्हती. आम्ही बौद्ध. माझ्या गावात माझ्या आईला पाणी वरून ओतलेलं मी पाहिलं होतं, आणि शहरातही डबा पुढे केला की 'आज उपास आहे' म्हणणारे भेटले होते. मंदाला उपास नव्हता. तिला भूक लागली होती आणि माझी भाकरी समोर होती. पुढे मुलुंड पूर्वेला एकाच बिल्डिंगमध्ये घरं घेतली, तेव्हा आमचे डबे कोणाचे कोणते हेही आम्हाला कळेनासं झालं होतं.

देवगडच्या बाजूचं तिचं गाव. घराच्या पडवीतून समुद्र दिसायचा म्हणे. वडील गिरणीत लागले म्हणून ही मंडळी मुंबईत आली, आणि गाव मे महिन्यापुरतं उरलं. मुलुंडला समुद्र नाही. खाडी आहे, मिठागरं आहेत, आणि वारा पडला की चिखलाचा वास आहे. मंदा गच्चीत उभी राहून तो वास घ्यायची आणि म्हणायची, "हा आमच्या दर्याचा गरीब नातेवाईक." तिची एकुलती मुलगी सायली. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली, लग्न आजोळी, समुद्राच्या काठावर करायचं. तारीखही ठरली. आणि त्याच सुमारास मंदाच्या पोटातलं दुखणं कॅन्सरचं निघालं. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. मंदा सायलीला म्हणाली, "तुम्ही गावी जाऊन करा, मी फोनवर बघीन." त्यावर सायलीने तिच्याच आवाजात तिला सुनावलं, "गप बस गं आई. तुला समुद्राकडे नेता येत नसेल तर मी समुद्र मुलुंडला आणते." असा तो सगळा थाट सुरू झाला. आमच्या स्टेशनजवळच्या हॉलमध्ये, समुद्राची थीम.

डेकोरेटर आला तो हातात टॅब घेऊन. निळे फुगे, थर्माकोलचा डॉल्फिन, सोनेरी शेपटीची जलपरी, वर चमचमणारे प्लॅस्टिकचे शिंपले. मंदा उशीला टेकून बघत होती. डॉल्फिन आल्यावर तिचा तोल गेला. "ह्यो मासो लग्नात उडी कित्याक मारता? अरे बाबा, माका दर्या व्हयो, फिशटँक नको!" तो बिचारा म्हणाला, "आंटी, सगळे हेच घेतात." ती म्हणाली, "मग सगळ्यांना दे." त्यानंतर सगळी सूत्रं तिने स्वतःच्या हातात घेतली. जाळं टांगायचं ते असं, की कोणीतरी वाळत घातलंय आणि संध्याकाळी येऊन काढून नेणार आहे. फुलं पांढरी, सुरंगी मिळाली तर सुरंगी. आणि स्टेजच्या एका बाजूला नांगर. मी दचकले. लग्नात नांगर? आमच्याकडे नांगर शेतात चालतो, मांडवात कोणी आणत नाही. मी आपली दोन दिवस बैलांचाही विचार करत होते. शेवटी न राहवून विचारलं, "मंदे, नांगर ठीक आहे, पण तो उभा कसा करणार गं, फाळ टोचेल ना कोणाला?" ती आधी बघतच राहिली, मग पोट धरून हसायला लागली. दुखत होतं तरी हसत होती. "अगं बये, होडीचा नांगर! होडी वाहून जाऊ नये म्हणून टाकतात तो!" त्या आजारात ती मनापासून हसलेली मला तेवढीच आठवते, आणि ते माझ्या अडाणीपणामुळे झालं याचा मला आजही आनंद आहे.

प्लॅस्टिकचे शिंपले मात्र तिने त्याच दिवशी बाद केले होते. "खरे घरात असताना खोटे कशाला?" खरंच होते. दुखणं कळल्यापासून तिला दुसरं काही फारसं जात नव्हतं, पण तिसऱ्यांचा रस्सा चालायचा. घरात तिसऱ्या झाल्या की शिंपल्या फेकायच्या नाहीत, असा हुकूम निघाला. मग बिल्डिंगमधले मासे खाणारे सगळे आपापल्या शिंपल्या तिच्याकडे पोचत्या करू लागले. सोड्याच्या पाण्यात उकळायच्या, ब्रशने घासायच्या, गॅलरीत वाळवायच्या. हे काम माझ्याकडे. हात सोलवटले माझे, आणि घरभर तो वास. पण वाळल्यावर त्या अशा सुरेख दिसायच्या, आतून जांभळट, बाहेरून पिवळसर रेघा... भोकं पाडून आम्ही त्यांची तोरणं ओवायला बसलो. मंदाच्या हातांना कंप सुटायचा म्हणून दोरा मी ओवायची आणि कुठली शिंपली कुठे हे ती सांगायची.

या सगळ्या काळात घरात एक भांडण धुमसत होतं. तारखेचं. तपासण्यांचे निकाल दर वेळी आधीपेक्षा वाईट येत होते. डॉक्टरांनी रमेशभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की लग्न अलीकडे घेता आलं तर बघा. हॉलवाला तयार, मुलाकडचे तयार, भटजी तयार. मंदा तयार नव्हती. रमेशभाऊंनी हात टेकले आणि मला पुढे केलं. मी तिला सरळच म्हटलं, "मंदे, पोरीचं लग्न बघायचंय ना तुला? मग हट्ट सोड." ती दोरा हातात धरून बसली होती. म्हणाली, "तारीख अलीकडे घेतली की पोरीला कळणार, आई चालली. मग ती मांडवात नवऱ्याकडे बघेल की माझ्याकडे? सगळा वेळ माझ्याकडे बघत बसेल, मी बरी आहे ना, बसली आहे ना, दमली नाही ना... तसलं लग्न नको मला तिचं." मी म्हटलं, "आणि तू नसलीस तर?" ती म्हणाली, "नसले तर नसले. तारीख नाही हलायची." मला तिचा भयंकर राग आला. आजही येतो. ती बरोबर होती का चूक हे मी ठरवू शकलेले नाही, पण त्या दिवशी तिच्यापुढे माझं काही चाललं नाही.

मग एका दुपारी तोरण ओवता ओवता ती एकदम थांबली. हातातली शिंपली उलटसुलट करून बघितली आणि तिचा चेहराच उतरला. "शीला... ह्या सगळ्या उष्ट्या गं."

"काय?"

"उष्ट्या! चोखून टाकलेल्या ना आपण! तू, मी, तळमजल्यावरचे, सगळ्यांनी. पोरगी मुंडावळ्या बांधून देवाब्राह्मणांसमोर उभी राहणार, आणि डोक्यावर आपलं चोखलेलं खरकटं!"

मला आधी हसूच फुटलं. इतके महिने ही बाई तिसऱ्या चोखत होती, मी शिंपल्या घासत होते, अख्ख्या बिल्डिंगचा हातभार लागला होता आणि ही गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नव्हती. कोकणातल्या माणसाशिवाय असली चूक कोणी करायचं नाही आणि असली शंकाही कोणाला यायची नाही. पण ती हसत नव्हती. तिने तोरण पाटावर ठेवून दिलं, अगदी दूर सरकवून. ते सरकवणं मी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हे बघ मंदे, उष्टं न् विटाळ माझ्यासमोर काढायचं नाही. आमची अख्खी पिढी त्या शब्दांनी पिचली. सोड्यात उकळलंय मी ते, अजून काय पाहिजे?" मग ती हळूच म्हणाली, "तुझं उष्टं मी आयुष्यभर खाल्लं गं, ते माझ्या मनातही आलं नाही कधी. हे माणसांचं नाहीये. देवाच्या डोक्यावर काय टांगायचं, एवढंच आहे. तुझं खरं असेल. पण देव माझा आहे, आणि आता लवकरच मला त्याच्यासमोर उभं राहायचंय." मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि तिथेच रडून घेतलं.

चहा घेऊन बाहेर आले तर हिचा चेहरा खुललेला. तोडगा सापडला होता. "समुद्रात बुडवून आणायच्या. समुद्राला कुठलं आलंय उष्टं? सगळ्या नद्यांचं, सगळ्या गावांचं खरकटं तोच तर पोटात घेतो. एकदा त्याच्यात बुडवल्या की त्या त्याच्याकडूनच आलेल्या." रमेशभाऊ नको म्हणाले, सायली नको म्हणाली. मी मात्र या वेळी मंदाच्या बाजूने उभी राहिले. शेवटी सायलीचा होणारा नवरा, अनिकेत, गाडी घेऊन आला. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला होता, वर्सोवा काही लांब नाही, असा युक्तिवाद त्यानेच केला. हा मुलगा मला तेव्हा पहिल्यांदा आवडला.

सकाळी लवकर निघालो. जोगेश्वरीच्या लिंक रोडने, आरेच्या झाडांना वळसा घालून. मंदा मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकलेली, मांडीवर तोरणं सोडवून मोकळ्या केलेल्या शिंपल्यांची पिशवी. वर्सोव्याला ओहोटी होती. किनारा काही देखणा नव्हता. प्लॅस्टिक, चिंध्या, कुत्री, ओढून ठेवलेल्या होड्या. मला वाटलं तिचा हिरमोड होणार. अनिकेतने एका टपरीवाल्याकडून प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली आणि सायलीने नि त्याने मिळून तिला उचलून थेट पाण्याच्या कडेला बसवलं. तिने डोळे मिटून एक श्वास घेतला आणि म्हणाली, "वास तोच गं." मग पाय पुढे करून पाण्यात सोडले. सुजलेले पाय होते ते, कातडी ताणलेली. लाट येऊन जायची तशी ती पायांची बोटं हलवायची.

मी साडी खोचून गुडघाभर पाण्यात शिरले. तिच्याकडची तांदूळ धुवायची रोवळी आम्ही नेली होती, तिच्यात शिंपल्या घालून मी बुडवत होते. मंदा खुर्चीतून हुकूम सोडत होती, "अगं नीट, तळाशी जाऊ दे पाणी." तेवढ्यात एक लाट आडवी आली, रोवळी कलंडली आणि निम्म्या शिंपल्या वाहून गेल्या. मी वेड्यासारखी वाळूत हात घालून शोधायला लागले. इतक्या महिन्यांची मेहनत माझी! मागून मंदा ओरडली, "जाऊ दे! त्याचाच माल होता, त्याने नेला!" मी वळून बघितलं तर तिने हात जोडले होते. गावाकडे गाऱ्हाणं घालतात, देवाला मोठ्याने सांगणं, ते घरातला वडीलधारा पुरुष घालतो. इथे तसं कोणी नव्हतं, म्हणून मंदानेच घातलं. आवाज फाटका झाला होता, पण तिने रेटून म्हटलं, "बा दर्या म्हाराजा! ह्या शिंपल्यांक आमचा काय उष्टा-खरकाटा लागला असात, ता पोटात घे. लेकराचा कार्य गोड करून घे. आणि मी थंय नसलंय, तर माझ्या वाटचो तू उभो ऱ्हव, म्हाराजा!" गाऱ्हाण्याला आजूबाजूच्यांनी होकार द्यायचा असतो. सायलीने तोंड फिरवलं होतं, तिचे खांदे हलत होते. अनिकेतला रीत ठाऊक नव्हती. मला मंदाच्या घरच्या कार्यांतून ती ठाऊक होती. देव न मानणारी मी, पाण्यात उभी राहून म्हणाले, "व्हय म्हाराजा."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. तोरणं उरलेल्या शिंपल्यांतच पुन्हा ओवली, थोडी आखूड झाली. स्टेजमागच्या पडद्याचं निळं कापड तेवढं राहिलं होतं. ते आणायला तिने मला पाठवलं, आणि पुढचं मी सांगितलंच आहे.

दिवसकार्य झाल्यावर घरात माणसं जमली. कोणी म्हणालं, लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. कोणी म्हणालं, करा पण साधं करा, ही सजावट कसली आता? सायलीही म्हणाली, "मला नको ते सगळं. रजिस्टर करू आणि मोकळे होऊ." मी तोंड उघडणार एवढ्यात कोपऱ्यातून रमेशभाऊ बोलले. तेरा दिवसांत त्यांचा आवाज आम्ही ऐकला नव्हता. ते म्हणाले, "तारीख तिने ठरवलीय. बाकीचंही तिनेच ठरवलंय." आणि उठून आत गेले.

लग्न त्या तारखेला झालं. हॉल तसाच सजला जसा तिने सांगितला होता. जाळं वाळत घातल्यासारखं, कोपऱ्यात होडीचा नांगर, वर शिंपल्यांची तोरणं, आणि मागे तो निळा पडदा, ज्याचा रंग बरोबर आला की चुकला हे सांगणारं आता कोणी नव्हतं. मंदाच्या दीर-जावेने कन्यादान केलं. जो येईल तो माझ्याजवळ येऊन तेच म्हणायचा, "आई पाहिजे होती हो आज..." ऐकून ऐकून माझा जीव विटला. अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या, मंगलाष्टकं सुरू झाली आणि मला तिथे उभं राहवेना. मी मागच्या बाजूला, मुलीकडच्या खोलीकडे निघाले. तोंड धुवावं, दोन मिनिटं टेकावं, एवढाच हेतू.

खोलीच्या दारात मंदाची म्हातारी आत्या बसली होती, गावाहून आलेली. आत कोणीच नव्हतं. जमिनीवर एक पाट मांडलेला, पाटाभोवती बारीक रांगोळी. समोर तुळशीची कुंडी आणि पाण्याने भरलेला तांब्या. मी आत्यांना विचारलं, "हे कोणासाठी?" त्या म्हणाल्या, "आवशीसाठी. चेडवाच्या आवशीन मंगलाष्टकाक उभी रवाचा नसता गो. अक्षता पडासर ती हय आत बसता, तुळशीक पाणी घालीत." अक्षता पडेपर्यंत मुलीच्या आईने आत बसायचं, आमच्या लग्नांत हे नाही. आमच्याकडे आई समोर उभी असते. मंदाकडच्या इतर कार्यांना मी गेले, पण लग्नात मी कायम बाहेर, अक्षता घेऊन उभी, आतल्या खोलीत काय चालतं हे मला कुठून कळणार? मी म्हटलं, "पण आता मांडून काय उपयोग?" आत्या म्हणाल्या, "सायलीन सांगल्यान. म्हणाली, आईचो पाट मांडून ठेव."

मी आत गेले. पाटावर बसले नाही, तो तिचा. बाजूला फरशीवर बसले. भिंतीपलीकडे सगळा हॉल एका सुरात गात होता, आणि इथे ती तुळस, तो तांब्या, तो पाट. म्हणजे मंदा जिवंत असती, धडधाकट असती, तरी या वेळी ती मांडवात नसतीच. सायलीने मान वळवून शोधलं असतं तरी तिला आई दिसली नसती. ती इथे असती, दाराआड, एकटी, पाणी घालत, बाहेर कान लावून. बाहेरचे सगळे आई नाही म्हणून हळहळत होते, आणि लग्नातली हीच एक वेळ अशी होती, जेव्हा काहीसुद्धा वेगळं घडत नव्हतं. तुळशीवर माझी श्रद्धा नाही. पण झाडाला पाणी घालायला कोणाची ना असायची? मी तांब्या उचलला आणि हळूहळू धार सोडत राहिले... पाणी संपू नये म्हणून अगदी बारीक. गाणं चालू होतं तोवर मंदा कुठेही गेली नव्हती. ती फक्त आतल्या खोलीत होती.

मग 'सावधान' झालं. टाळ्या, वाजंत्री, गलका. दारातून आत्या म्हणाल्या, "झाला गो. आता आवशीन भायर येवचा." मी रिकामा तांब्या पाटाजवळ ठेवला, डोळे पुसले आणि बाहेर आले.